हातांचा आधार न घेता

"म्हणजे आईला एकटं राहायला साधारण किती महिन्यांत जमेल, डॉक्टर?" निलेशने अगदी सहज, हलक्या आवाजात विचारलं, आणि पडद्याच्या अलीकडे तपासणीच्या खाटेवर बसून चपलेत पाय सरकवणाऱ्या रत्नप्रभाला ते स्वच्छ ऐकू आलं. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र कळलं नाही. खाली मुलुंडच्या त्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्नवरून हात काढत नव्हतं. ती पडद्यावरच्या फिकट निळ्या फुलांकडे बघत तशीच बसून राहिली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात आपल्याबद्दल कुणी असं काही विचारेल, आणि तेही आपल्या पोटचा मुलगा, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. मग श्रुतिकाने, तिच्या सुनेने, पडदा बाजूला केला आणि हसून म्हटलं, "चला आई, झालं." काय झालं, असं रत्नप्रभाला विचारावंसं वाटलं.

पाचच मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी तिला एका साध्या खुर्चीवर बसवलं होतं. हात छातीवर आडवे धरा आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठून उभं राहता येईल तितक्या वेळा राहा. हातांचा आधार न घेता. चार वेळा ती उठली. पाचव्या वेळी तिच्या नकळत उजवा हात खाली गेला आणि त्याने खुर्चीची कड पकडली, एखादं मूल गर्दीत आईचा पदर पकडतं तशी. डॉक्टर म्हणाले, "वजन सात महिन्यांत अठरा किलो उतरलंय, छान आहे. पण ती सगळी चरबी नाही, रत्नप्रभाताई. त्यात पाच-सहा किलो स्नायूही गेलेत. वजनाच्या त्या इंजेक्शनने भूक मरते, तुम्ही दोन घास खाऊन उठता, आणि हालचाल नाही. मग शरीर तुमच्या मांड्याच खातं." ज्यासाठी वजन उतरवायचं होतं ते गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबलं होतं. पायांत ताकद नसेल तर नव्या गुडघ्याचा उपयोग काय? आधी अंडी, मासे, डाळ, दही. भात त्यानंतर, पोटात जागा उरली तर. आणि रोज व्यायाम. खुर्चीतून उठा, पाण्याच्या बाटल्या उचला, जिना चढा. तिने मान डोलावली होती. तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आता रिक्षात, मुलगा आणि सून यांच्या मधोमध बसल्यावर, तिला ते सगळं वेगळं दिसायला लागलं. रिक्षात तिघं मावत होती. सात महिन्यांपूर्वी मावत नसत. निलेश मागून दुसऱ्या रिक्षाने यायचा. आपण बारीक झालो म्हणून ही दोघं आता आपल्या दोन्ही बाजूंना बसू शकतात, असं तिच्या मनात आलं, आणि तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

ती जन्माची जाड नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती वेताच्या काठीसारखी होती. गिरणी बंद पडल्यावर नवऱ्याने, गुणाजीने, भांडुपला एका कारखान्यात रखवालदारी धरली आणि त्यांनी टेंभीपाड्याच्या चढावर खोली घेतली. पाणी खाली यायचं, खोली वर. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक, आणि पोटात निलेश, अशी ती तो चढ चढायची. मध्ये एका दगडापाशी सगळ्या बायका थांबायच्या. ती थांबायची नाही. मग तिने डबे करायला घेतले. रोज चाळीस माणसांच्या पोळ्या, आणि स्वतःचं जेवण ओट्यापाशी उभ्याने, उरलंसुरलं, डब्याच्या तळाशी राहिलेलं. त्या डब्यांवरच हा तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट झाला. शरीर कधी वाढलं ते तिला सांगता आलं नसतं. गुणाजी सहा वर्षांपूर्वी गेला, आणि त्यानंतर तर ते पिठासारखं फुगतच गेलं. लोक हळहळायचे, निलेश चिडायचा, गुडघे रडायचे. पण एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या शरीराचा तिला आधार वाटायचा. ती हॉलमधल्या दिवाणावर बसली की दिवाण भरायचा. स्वयंपाकघरात उभी राहिली की दुसरं कुणी आत येऊ शकायचं नाही. घरात आपण आहोत हे दिसायचं. एवढ्या वजनाच्या बाईला कुणी सहज हलवू शकत नाही, कुठे नेऊन ठेवू शकत नाही. आणि आता आठवड्याला एक सुई, आणि ती घरातल्या घरात लहान होत चालली होती.

ते वाक्य कानावर पडल्यापासून तिला घरात एकेक गोष्ट दिसू लागली. बाथरूममध्ये एक माणूस येऊन भिंतीला स्टीलचा दांडा बसवून गेला. "पकडायला बरं पडेल तुम्हाला," श्रुतिका म्हणाली. मग कुकर आला, एवढासा, एका माणसाचा वाटी-दीड वाटी भात होईल इतकाच. "डाळ पटकन शिजते ह्यात." मग एका रविवारी श्रुतिकाने तिचा फोन घेतला आणि किराणा घरपोच कसा मागवायचा ते शिकवलं, तिच्याकडून तीनदा करून घेतलं, शाळेतल्या पोरांकडून पाढे घोटून घ्यावेत तसं. श्रुतिका शाळेत शिकवायची, तिचा तो स्वभावच होता. पण रत्नप्रभाला वाटलं, आजवर किराणा निलेश आणत होता, मग आता हे कशाला? दारं बंद करून बोलणं वाढलं होतं. ती आत गेली की बोलणं थांबत नसे, ते वळत असे. आणि हे तिला जास्त खटकायचं. रोज सकाळी श्रुतिका तिच्यापुढे दोन उकडलेली अंडी ठेवायची, सोललेली, मीठ-मिरी घातलेली, आणि शाळेला जाता जाता म्हणायची, "आई, दोन्ही संपवायची हं." त्या अंड्यांकडे बघताना तिला कसायाच्या दारात बकरीपुढे टाकलेला पाला आठवायचा. फरक एवढाच होता की बकरीला कापण्यासाठी धष्टपुष्ट करतात, आणि आपल्याला सोडून जाण्यासाठी.

खालच्या मजल्यावरची शकू तिच्या गावाकडची, देवगडची. तिच्याजवळ ती एकदा बोलली. शकू बांगडे घेऊन वर आली होती. दारातूनच ओरडली, "काय गो रत्ना, अर्ध्याक इलंस की! सोळा वर्सांचा चेडू दिसतंस."

"चेडू खंयचा. ह्यांका माका हय ठेवन खंयतरी जावचा आसा," रत्नप्रभा म्हणाली. म्हणताना आवाज फाटला. "म्हणान चल्लाहा ह्या सगळा. अंडी नि कसरत."

शकू गमतीत म्हणाली, "मगे बरीच होव नको. पांगळ्याक टाकून कोण जाता गो?"

शकू हसत निघून गेली, तिच्या डोक्यातून ते गेलंही असेल. रत्नप्रभाच्या डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही अंडी जिन्यावरच्या मांजराला घातली. व्यायामाची वेळ संध्याकाळी साडेसहाची होती, ती आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायची, पलंगावर आडवी व्हायची, आणि छताकडे बघत मोठ्याने मोजायची, "एक... दोन... तीन..." मध्ये मध्ये धापही टाकायची. आठच्या पुढे थकल्यासारखा आवाज काढायची. बाहेरून निलेश म्हणायचा, "झकास, आई!" आणि तिला आत एक वाईट आनंद व्हायचा, असा आनंद की जो झाल्यावर तोंड कडू पडतं. भूक तशीही नव्हती. इंजेक्शनने अन्नाची चवच नाही तर अन्नाचं कारणच काढून घेतलं होतं. बांगडा तळला तरी तो नुसता एक मेलेला मासा वाटायचा. दोन घास चहात बुडवलेली खारी, अर्धी वाटी पेज, एवढ्यावर दिवस जायचा. काटा आणखी खाली जात होता आणि सगळे खूश होते. मांजर महिन्याभरात गोल झालं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, घरात कुणी नसताना, ती त्या दोघांच्या खोलीत गेली. आदल्या दिवशी निलेशला तिने पलंगाखालच्या खणात एक फाइल सरकवताना पाहिलं होतं. ती आत आली तसा तो ताठ उभा राहिला होता, लहानपणी बोरांचा खिसा लपवायचा तसा. खण अगदी जमिनीलगत होता. तिने पलंगाचा खूर धरला, हळूहळू खाली गेली, शेवटची वीतभर उंची गुडघ्यांनी सोडूनच दिली आणि ती धपकन फरशीवर बसली. लागलं नाही. खण उघडला, फाइल काढली. इंग्रजी तिला अडखळत का होईना वाचता यायचं. डब्यांच्या दिवसांत कारखान्यांची बिलं तीच वाचायची. कागदावर निलेशचं नाव होतं, बंगळूर होतं, जानेवारीची तारीख होती. मागे एका फ्लॅटचा छापलेला नकाशा होता, एक बेडरूम, एक हॉल. तो नकाशा तिने बराच वेळ पाहिला. त्यात तिने स्वतःला ठेवून पाहिलं. बसेना. म्हणजे खरं होतं. आपण वेड्या नव्हतो, म्हाताऱ्या संशयी नव्हतो, आपल्याला ज्याचा वास येत होता ते खरंच शिजत होतं. तिला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. फाइल परत ठेवून ती उठायला गेली.

आणि उठता आलं नाही. तिने पलंगाची कड पकडली आणि स्वतःला वर ओढलं. दंड थरथरले आणि सुटले. पुन्हा ओढलं. पाय खाली होते, दिसत होते, पण त्यांना सांगितलेलं त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. तिने कुशीवर वळून पाहिलं, हात टेकून पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. शकूला हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती, पण शकू काय बघणार? रिकाम्या घरात, सुनेच्या खोलीत, उघड्या खणापाशी बसलेली बाई. ती गप्प राहिली. फरशी थंड होती आणि तो थंडपणा सावकाश वर चढत होता. साडी सरकून मांडी उघडी पडली होती, आणि किती महिन्यांनी तिने ती नीट पाहिली. कातडी लोंबत होती, दोरीवर वाळत घातलेल्या पोलक्याच्या बाहीसारखी. तिने बोटांनी दाबून पाहिलं. आत काही लागलं नाही. इथे काहीतरी असायचं, घट्ट, ओल्या दोरासारखं. त्या चढावर दोन हंडे घेऊन चालताना ते मांडीत ताठ व्हायचं ते तिला आठवत होतं. जाडी चढली तेव्हाही ते आत शाबूत असणार, नाहीतर शंभर किलोंचा तो भार इतकी वर्षं उचलला कुणी? आता भार गेला आणि उचलणाराही गेला. मी ह्यांना फसवत होते, तिला वाटलं, आणि रोज सकाळी जिन्यावर ते मांजर माझे पाय खात होतं. तिला हसू आलं. हसता हसता ती रडली, मग थांबली, कारण रडायलाही पाठीत जोर लागत होता.

अडीचला कुलूप वाजलं. "आई?" श्रुतिकाने स्वयंपाकघरात पाहिलं, हॉलमध्ये पाहिलं, आणि मग आपल्या खोलीच्या दारात येऊन थांबली. तिने खणातली फाइल पाहिली. उघडा खण पाहिला.

"पडलात?"

"नाही. बसले."

श्रुतिकाने पर्स खाली ठेवली आणि ती तिच्या समोर, फरशीवर मांडी घालून बसली. उचलायला पुढे आली नाही. रत्नप्रभाला हेही लक्षात आलं.

"मला इथे ठेवून जाणार होतात ना? खरं सांग."

"हो," श्रुतिका म्हणाली. मग तिने एक श्वास घेतला. "म्हणजे, निलेशने त्या नोकरीला अजून होकार दिलेला नाहीये. त्याला जायचंय खूप, पण तो तुमच्यापुढे बोलूच शकत नाही. मीच म्हटलं, आधी आई तीन मजले खाली-वर करायला लागू देत, मग विचारू. राहायचंय की यायचंय की आम्ही जायचंच नाही. आत्ता विचारून काय उपयोग होता, आई? तुम्हाला चहाचा कप घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत जाता येत नाही. अशा माणसाला निवड नसते. जो नेईल तिकडे जावं लागतं."

हे तिने आधी मनात बोलून पाहिलेलं असणार, रत्नप्रभाला वाटलं. फार नीट होतं ते. पण बोलताना तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, आणि ते काही कुणाला ठरवून उठवता येत नाहीत.

"तो कुकर?"

"कसला कुकर?"

"छोटा."

"तो? हो, तुम्हाला एकटीला लागला तर म्हणूनच." श्रुतिकाने खाली पाहिलं. "आणि तुम्ही अंडी मांजराला घालता ते मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय. आम्हाला अडकवायला. तसंच होतं ना?"

"तसंच होतं," रत्नप्रभा म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्या दोघी अशा एकमेकींसमोर, एका उंचीवर, कधी बसल्या नव्हत्या. "मला उठव गं," शेवटी रत्नप्रभा म्हणाली. "उठवत नाही," श्रुतिका म्हणाली, "तुम्ही उठायचं. मी आहे." तिने आतून खुर्ची आणली, गुडघ्याखाली उशी सरकवली. कुशीवर वळा. आता हातांवर. आता दोन्ही कोपरं खुर्चीवर. चांगला पाय पुढे. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा तर रत्नप्रभाने तिला एक सणसणीत शिवी दिली. चौथ्यांदा ती उभी राहिली, घामाने निथळत, आणि तिच्या पाठीवर सुनेचा तळवा होता, टेकलेला, पण ढकलत नसलेला.

त्यानंतर तिने खायला घेतलं. भूक आली नव्हती. भुकेशिवाय खाणं हेच एक काम होतं. सकाळी दोन अंडी, एकेका घासावर पाचपाच मिनिटं. मळमळायचं, मग थांबायचं, पुन्हा घ्यायचं. दुपारी आधी बांगड्याचा तुकडा, मग वाटलं तर दोन चमचे भात. डॉक्टरांच्या कागदावर कुळीथ नव्हता. तिने तो आपला आपण घातला, कारण टेंभीपाड्याच्या चढावर तिच्या मांड्यांत जे होतं ते कुळथाच्या पिठीचंच होतं याविषयी तिला शंका नव्हती. साडेसहाला दार उघडं ठेवून ती खुर्चीवर बसायची आणि उठायची. मोजायची मनात. पहिल्या आठवड्यानंतर मांड्या अशा दुखल्या की तिला बसताना ओरडावं लागलं, आणि त्या दुखण्यात तिला कसलीतरी ओळख पटली. गुडघ्यांचं दुखणं परकं होतं, कुणीतरी लादलेलं. हे तिचं होतं. मग जिना. आधी शकूच्या दारापर्यंत. मग पहिल्या मजल्यापर्यंत. डिसेंबरात एका सकाळी ती रस्त्यावर उभी राहिली आणि भाजीवाल्याने तिला ओळखलं नाही.

पण संशय स्नायूंसारखा नसतो. तो न खाता वाढतो. निलेश आता उघडपणे बोलायचा, तिला टाळ्या द्यायचा, डॉक्टरांकडे ती अकरा वेळा उठली तेव्हा त्याने व्हिडिओ काढला. वजन जवळपास तेवढंच राहिलं होतं आणि डॉक्टर त्यावरच खूश होते. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. निलेशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी कशाचं, आईच्या पायांचं की बंगळूरच्या नोकरीचं, हे तिने परतीच्या रिक्षात खूप वेळ ताडून पाहिलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "जा तुम्ही. मी राहते." निलेश म्हणाला, "तू पण चल ना, आई." म्हणाला खरं, मनापासून म्हणाला, पण त्याआधी एक क्षण गेला. तो क्षण तिने ऐकला. कुणीही ऐकला नसता, तिने ऐकला. ती रागावली नाही. त्याच्या वयात आपल्या सासूने गावाहून येऊन राहते म्हटलं असतं तर आपणही तेवढाच क्षण घेतला असता, कदाचित जास्त. "नको," ती म्हणाली, "माझं इथे चाललंय."

ती दोघं गेली. घर एवढं मोठं आहे हे तिला माहीत नव्हतं. ती खायची, उठायची, बसायची, दुपारी शकूकडे जायची. निलेशचा रोज संध्याकाळी फोन यायचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिच्या लक्षात आलं की तीन दिवस श्रुतिका फोनवर आलेली नाही. "कामात आहे गं." दुसऱ्या दिवशी, "बाहेर गेलीय." तिसऱ्या दिवशी, "झोपलीय." संध्याकाळी सात वाजता श्रुतिका झोपत नाही. आणि निलेश फार हसत होता. तिने फोन ठेवला आणि थेट सुनेला लावला. बराच वेळ वाजल्यावर एक बारीक, कोरडा आवाज आला.

"काय झालंय?" रत्नप्रभाने विचारलं.

"काही नाही आई... कावीळ आहे. आठ दिवस झाले. बरी होतेय आता."

"मला का नाही सांगितलंत?"

"निलेश म्हणाला, सांगितलं तर तुम्ही धावत याल."

रत्नप्रभाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. धावत. हा शब्द तिच्याबद्दल कुणी शेवटचा कधी वापरला होता, गुणाजी असताना की त्याच्याही आधी, हे तिला आठवेना. "पेज करता येते का त्याला?" तिने विचारलं. पलीकडे श्रुतिका हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून जिना उतरत होती. पिशवीत चार साड्या, औषधं, आणि थंड डब्यात पुढच्या आठवड्याची सुई. एक हात कठड्यावर, पण नुसता ठेवलेला. शकू दार उघडून बाहेर आली.

"बंगळुराक चल्लंस? कोण येता गो न्हेवक?"

"कोण नाय."

"एकटीच? नि इतकी घाय कित्याक? कावीळच मां ती?"

"कावीळ म्हणतत," रत्नप्रभा म्हणाली. तेवढंच असेल असं तिला वाटत नव्हतं. आवाजात आणखी काहीतरी होतं, त्या दोघांचं आपापसातलं, जे फोनवर कुणी सांगणार नव्हतं. ते जाऊन, समोर बसून, तोंडाकडे बघितल्याशिवाय कळलं नसतं. ती पुढची पायरी उतरली.